शाळा पुन्हा सुरू होताना मुलांचा मोबाइल, टॅब आणि गेम : पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुट्टीत घराचं वेळापत्रक सैल होतं आणि त्यात काही वावगं नाही. शाळा उघडायची वेळ आली की मात्र सगळ्याला एकदम आवर घालायची घाई होते आणि पहिल्याच आठवड्यात घरात वादाला तोंड फुटतं. साधारण सहा ते सोळा वयाच्या मुलांचे पालक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे घेतले आहेत. उत्तरांमध्ये एक आग्रह सतत दिसेल: मिनिटं मोजण्याआधी झोप सांभाळा आणि रात्री फोनची जागा ठरवा. एवढं जमलं तर बाकीचे बरेच नियम करावेच लागत नाहीत.

तयारी किती दिवस आधी सुरू करावी?

दोन आठवडे आधी, आणि झोपेपासून. रात्री एकला झोपायची सवय लागलेल्या मुलाला शाळेच्या आदल्या दिवशी "आज नऊला झोप" म्हटलं तरी झोप येत नाही. ते तळमळत पडतं, कंटाळतं आणि पुन्हा फोनकडे हात जातो. शरीराचं घड्याळ एका रात्रीत मागे येत नाही.

म्हणून आधी उठण्याची वेळ बदला. दर एक-दोन दिवसांनी पंधरा-वीस मिनिटं लवकर उठवा आणि उठल्या उठल्या पडदे उघडा, जमलं तर थोडा वेळ बाहेर मोकळ्यावर न्या. सकाळचा उजेड मिळाला की रात्रीची झोप हळूहळू अलीकडे सरकते. या दिवसांत दुपारची लांबलचक झोप टाळा.

झोपेचा हिशेब उलटा मांडा. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनच्या शिफारशीनुसार ६ ते १२ वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी ९ ते १२ तास आणि १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप हवी. अकरा वर्षांच्या मुलीला सकाळी साडेसहाला उठायचं असेल, तर तिला निदान साडेनऊला गाढ झोप लागलेली हवी. म्हणजे नऊला अंथरुणात आणि आठच्या सुमारास स्क्रीन बंद. हा हिशेब मुलीसमोर बसून, कागदावर तिच्याकडूनच करून घ्या. मग आठची वेळ ही आईबाबांची लहर वाटत नाही.

वयात येणाऱ्या मुलांबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. या वयात शरीराचं घड्याळच तास-दोन तास पुढे सरकतं. रात्री दहाला त्यांना खरोखरच झोप येत नाही आणि सकाळी डोळे उघडत नाहीत. त्याला आळस म्हणून हिणवू नका. पण मुळात उशिरा येणारी झोप फोनमुळे आणखी लांबते, आणि म्हणून याच मुलांना रात्रीचा नियम जास्त लागतो.

शाळा सुरू होऊन गेली असेल तर?

क्रम तोच ठेवा. फक्त सुट्टीच्या दिवशी उठण्याची वेळ तासाभरापेक्षा जास्त पुढे जाऊ देऊ नका, नाहीतर आठवडाभर सावरलेलं रविवारी विस्कटतं.

फोन सायलेंट करून उशाशी ठेवला तर काय बिघडतं?

बरंच बिघडतं. फोनची पहिली अडचण उजेडाची. डोळ्यांवर पडणाऱ्या उजेडावरून मेंदू दिवस-रात्र ओळखतो, आणि निळसर उजेडामुळे झोप आणणाऱ्या मेलाटोनिनचं स्रवणं लांबतं. स्क्रीन पिवळसर करणारी सेटिंग असते, ती लावायला हरकत नाही, पण तिच्यावर विसंबू नका. कारण उजेडापेक्षा समोर काय चाललंय ते मनाला जास्त जागं ठेवतं. मैत्रिणीशी अर्धवट राहिलेलं भांडण, हरलेली मॅच, "फक्त हा शेवटचा" म्हणून लावलेला व्हिडिओ, हे पिवळ्या स्क्रीनवरही तितकंच डोक्यात घोळतं.

दुसरं असं की फोन हाताशी असला की मूल अर्धवट झोपेतही तो बघतं. मध्यरात्री पाणी प्यायला उठलं आणि मेसेज दिसला, की पुढचा पाऊण तास गेलाच.

उपाय साधा आहे. घरातले सगळे फोन रात्री झोपायच्या खोलीबाहेर, एकाच ठिकाणी चार्जिंगला लावायचे. सगळे म्हणजे तुमचेही. "मला अलार्मला लागतो" हे कारण लगेच पुढे येतं, तेव्हा एक साधं गजराचं घड्याळ आणून ठेवा. रात्री तातडीचा फोन येण्याची शक्यता असेल, तर मोठ्यांपैकी एकाच्या फोनची रिंग चालू ठेवून तो बाहेरच ठेवता येतो.

या पानावरची एकच गोष्ट करायची झाली, तर ही करा.

दिवसाला किती तास स्क्रीन चालेल? एक नक्की आकडा सांगा.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी आकडा दिला. दोन ते चार वर्षांच्या मुलांना एका जागी बसून स्क्रीन बघायला तासाभरापेक्षा जास्त वेळ नको, कमी असेल तितका बरा. शाळकरी मुलांसाठी मात्र सगळ्यांना लागू पडेल असा आकडा देणं तज्ज्ञांनीही टाळलं आहे. अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना शाळकरी वयासाठी तासांचा आकडा देण्याऐवजी प्रत्येक कुटुंबाने आपला आराखडा करावा असं सुचवते. त्यामागे कारण आहे. एक तास आजीशी व्हिडिओ कॉल, एक तास चित्र काढायला शिकणं आणि एक तास एकामागून एक रील सरकवणं, यांना एकाच मापाने मोजता येत नाही.

तासांऐवजी दुसरा प्रश्न विचारा: स्क्रीनमुळे काय मागे पडतंय? झोप पुरती होते का, मूल रोज घामाघूम होईपर्यंत खेळतं का, जेवताना घरातल्यांशी बोलतं का, अभ्यास वेळेत उरकतो का, मित्र प्रत्यक्ष भेटतात का? ही सगळी उत्तरं होकारार्थी असतील, तर अर्धा तास इकडेतिकडे झाल्याने काही बिघडत नाही. यातल्या दोन-तीन गोष्टी सुटत असतील, तर दिवसाचा एक तासही जास्त आहे.

ज्यांना तरीही चौकट हवी असेल, त्यांच्यासाठी माझं मत सांगतो. शाळेच्या दिवशी करमणुकीच्या स्क्रीनची एक ठरलेली वेळ असावी, उदाहरणार्थ खेळून आल्यावर आणि अभ्यास उरकल्यावर. ती वेळ रोज तीच ठेवा. "थोडा वेळ बघ" असं सांगणं मोठ्यांना सोयीचं वाटतं, पण त्यातून रोज नवी घासाघीस सुरू होते. ठरलेली वेळ असली की मूल तिची वाट बघतं, दिवसभर मागत बसत नाही. सकाळी शाळेआधी मात्र स्क्रीन नकोच.

अभ्यासच मोबाइलवर येतो. मग मोबाइल बंद कसा ठेवायचा?

पालकांची सगळ्यात मोठी अडचण हीच आहे, आणि ती खरी आहे.

नेमकं काय घडतं ते बघा. संध्याकाळी साडेसातला वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गृहपाठाच्या पानाचा फोटो येतो. मुलगा तो उतरवून घ्यायला आईचा फोन घेतो. दोन ओळी लिहून होतात तोच वरून एक पट्टी खाली येते, मावशीने नातेवाइकांच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकलेला असतो. तो व्हिडिओ संपला की खाली दुसरा तयारच. पंधरा मिनिटांनी आई विचारते, "झालं का?" मुलगा म्हणतो, "करतोय ना!" तो खोटं बोलत नसतो, कारण वही त्याच्यासमोर उघडीच असते.

लक्ष एकदा उडालं की ते जागेवर यायला वेळ लागतो. युनेस्कोच्या २०२३ च्या शिक्षण अहवालात एका अभ्यासाचा दाखला आहे, त्यानुसार लक्ष विचलित झाल्यावर विद्यार्थ्यांना पुन्हा अभ्यासात शिरायला २० मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो. म्हणजे अर्ध्या तासाचा गृहपाठ दोन तास का चालतो, हे कोडं उरत नाही.

यावर पुढचे उपाय चालतात. फोटो आला की तुम्ही गृहपाठ वाचून दाखवा आणि मुलाने तो वहीत लिहून घ्यावा, किंवा छापून द्या. फोन तिथेच परत घ्या आणि दुसऱ्या खोलीत ठेवा, नुसता पालथा घालून टेबलावर नको. व्हिडिओ बघूनच करायचा अभ्यास असेल तर शक्य तितक्या मोठ्या स्क्रीनवर, घरातल्या वावरत्या जागेत, एकच खिडकी उघडी ठेवून. फोनशिवाय इलाजच नसेल, तर "डू नॉट डिस्टर्ब" चालू करा. अँड्रॉइडवर एकच ॲप स्क्रीनवर पिन करता येतं आणि आयफोनवर गाइडेड ॲक्सेस नावाची सोय आहे. दोन्हींमुळे मूल त्या ॲपमधून बाहेर पडत नाही.

आणि शाळेशी बोला. गृहपाठ एका ठरलेल्या वेळेआधी, एकाच ठिकाणी द्यावा ही मागणी रास्त आहे. चार-पाच पालकांनी मिळून पालकसभेत मांडली तर शिक्षकही ती ऐकतात, कारण रात्री नऊला फोटो पाठवत बसणं त्यांनाही नकोच असतं.

गाणी ऐकत अभ्यास केला तर चालेल?

गणितं सोडवताना किंवा चित्रं रंगवताना शब्द नसलेलं संगीत फारसं आड येत नाही. वाचताना आणि पाठांतर करताना मात्र गाण्यातले शब्द मध्ये येतात. गाणी फोनवर लावायची असतील, तर फोन मुलाच्या हातात नको.

"बंद कर" म्हटलं की आदळआपट होते. काय करावं?

मूल हट्टी आहे असं ठरवण्याआधी समोर काय चालू आहे ते बघा. मोठ्या गटात खेळायच्या ऑनलाइन गेमला मधेच थांबवायची सोय नसते. मुलाने फोन ठेवला की त्याचा संघ हरतो, मित्र चिडतात, काही गेममध्ये मधेच गेल्याबद्दल दंडही बसतो. तुम्हाला ते "नुसता गेम" वाटतं, त्याच्यासाठी ते मित्रांना मधेच सोडून जाणं असतं. व्हिडिओ आणि रीलचं उलट आहे. तिथे शेवटच नसतो, एक संपला की दुसरा आपोआप सुरू होतो. थांबायची जागाच काढून टाकलेली असते आणि मोठी माणसंही त्यात अडकतात.

म्हणून गेमला मिनिटांऐवजी मॅचचं माप लावा. "एक मॅच किती वेळ चालते?" असं मुलालाच विचारा आणि "आज दोन मॅच" असं ठरवा. वेळ संपायला एक मॅच होईल इतका अवधी उरला नसेल, तर नवी सुरू होणार नाही हेही आधीच बोलून ठेवा. व्हिडिओंसाठी आपोआप पुढे जाण्याची सेटिंग, म्हणजे ऑटोप्ले, बंद करा आणि कोणते बघायचे ते आधी निवडा.

वेळ संपत आली की स्वयंपाकघरातून ओरडू नका. जवळ जा, पाच मिनिटं शेजारी बसा, काय चाललंय ते विचारा. मग पुढची गोष्ट सांगा: "हे संपलं की जेवायला." पुढे काहीतरी ठरलेलं असलं की बंद करणं सोपं जातं, पुढे नुसता कंटाळा असला की अवघड.

हातातून हिसकावून घेणं शक्यतो टाळा. नियम मोडला तर काय होणार ते आधीच, शांत असताना ठरवा आणि ते छोटं ठेवा. आज वीस मिनिटं जास्त झाली तर उद्याची वीस मिनिटं कमी, विषय तिथेच संपला. महिनाभर फोन बंद, असली शिक्षा तुम्हालाच चौथ्या दिवशी मागे घ्यावी लागते आणि मुलाला ते पक्कं ठाऊक असतं.

पॅरेंटल कंट्रोल लावावं का? मुलाला न सांगता लावलं तर?

लावा, पण सांगून. अँड्रॉइडसाठी गूगलचं फॅमिली लिंक आणि आयफोन-आयपॅडसाठी स्क्रीन टाइम, दोन्ही मोफत आहेत. झोपेच्या वेळी फोन बंद राहणं, एखाद्या ॲपला रोजची मर्यादा, नवं ॲप घेण्याआधी तुमची परवानगी आणि पैसे खर्च होण्यावर बंधन, या चार गोष्टी लहान मुलांसाठी जरूर लावा. पासवर्ड वाढदिवसाचा नको.

मुलं यातून वाटा काढतात. फोनचं घड्याळ बदलतात, ॲप काढून पुन्हा टाकतात, ब्राउझरमधून तीच साइट उघडतात, आजोबांचा फोन घेतात. प्रत्येक वाट बुजवत बसाल तर दमून जाल. नियमामागचं कारण मुलाला पटलं नसेल, तर कुठलंही कुलूप फार दिवस टिकत नाही.

चोरून मेसेज वाचण्याच्या मी विरोधात आहे. ते उघडकीला आलं की मूल तुमच्याशी बोलणं बंद करतं आणि खरी अडचण आली तेव्हाही तुमच्याकडे येत नाही. मुलाच्या जिवाला धोका असल्याची ठोस शंका असेल, तर गोष्ट वेगळी. एरवी, जसजसं वय वाढेल तसतसं नियंत्रण सैल करत जा आणि ते सैल होतंय हे मुलाला कळू द्या.

मुलाला स्वतःचा फोन कधी द्यावा? शाळेत न्यावा का?

शाळेत नेण्याबद्दल शाळेचा नियम पाळा. फ्रान्सने २०१८ मध्ये कायदा करून प्राथमिक आणि माध्यमिकच्या खालच्या वर्गांमध्ये फोन वापरायला बंदी केली आणि त्यानंतर अनेक देश त्या वाटेने गेले. शाळेत जाता-येता संपर्क हवा असेल, तर फक्त बोलता येणारा साधा फोन पुरतो.

स्मार्टफोनसाठी वयापेक्षा वागणं बघा. वस्तू सांभाळतो का, ठरलेली वेळ पाळतो का, काही चुकलं तर येऊन सांगतो का? सोशल मीडिया हा मात्र वेगळा निर्णय आहे. बहुतेक मोठ्या सेवांच्या अटींमध्ये किमान वय १३ आहे आणि ऑस्ट्रेलियाने तर डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्या मुलांना अशा खात्यांपासून दूर ठेवायचा कायदा लागू केला. खोटं वय टाकून खातं उघडून देऊ नका. त्या खात्यावर मग मोठ्यांसाठीचाच मजकूर आणि जाहिराती येत राहतात.

वर्गातल्या मुलांच्या ग्रुपवर माझ्या मुलीची टिंगल होते. फोनच काढून घेऊ का?

नको. मुलं अशा गोष्टी लपवतात त्याचं एक मोठं कारण हेच आहे, सांगितलं की आपलाच फोन जाईल ही भीती. तिने सांगितलं हे धाडसाचं काम आहे. आधी पूर्ण ऐकून घ्या. "तू काय केलं होतंस?" हा प्रश्न त्या दिवशी नकोच.

मग स्क्रीनशॉट काढून ठेवा, तारीख आणि वेळ दिसेल असे. मेसेज पुसू नका, उलट उत्तर देऊ नका. त्या मुलांना ब्लॉक करा आणि ॲपवर तक्रार नोंदवा. ग्रुप वर्गाचा असेल तर वर्गशिक्षकांना स्क्रीनशॉटसह भेटा. समोरच्या पालकांना रागाच्या भरात फोन करू नका, त्याचा त्रास दुसऱ्या दिवशी वर्गात मुलीलाच होतो. धमकी, पैशाची मागणी किंवा खासगी फोटोंचा प्रकार असेल, तर वाट न बघता पोलिसांच्या सायबर विभागाकडे जा. अशा वेळी मुलीला एकटं सोडू नका आणि यात तिचा दोष नाही हे तिला स्पष्ट शब्दांत सांगा.

मुलगा गृहपाठ एआयकडून करून घेतो. थांबवावं का?

आधी शाळेचा नियम विचारा. मग घरात एक क्रम ठरवा: पहिला प्रयत्न स्वतःचा, वहीत. अडलं तर पुस्तक, मग शिक्षक किंवा घरातलं कुणी, आणि त्यानंतर एआय. तेही "उत्तर दे" म्हणून नको. "माझी पायरी कुठे चुकली", "या धड्यावर मला पाच प्रश्न विचार" असं विचारू दे. चुकीचं उत्तरही हे चॅटबॉट तितक्याच ठामपणे देतात, हे मुलाला दाखवून द्या. त्याला चांगला माहीत असलेला एखादा विषय विचारायला लावा आणि चूक त्यालाच शोधू द्या. निबंध मात्र स्वतःचाच हवा. लिहिताना जो विचार होतो तो दुसरं कुणी करून देऊ शकत नाही. नाव, पत्ता, शाळा, फोटो तिथे टाकायचे नाहीत. या सेवांनाही वयाची अट असते, ती वाचा.

डोळे बिघडतील का?

जवळचं काम जास्त आणि बाहेरचा उजेड कमी, या दोन्हींचा लघुदृष्टीशी, म्हणजे लांबचं नीट न दिसण्याशी, संबंध आहे. चीनमधल्या ग्वांगझौ शहरातल्या शाळांमध्ये रोज ४० मिनिटं जादा मैदानावर घालवायला लावली, तेव्हा तीन वर्षांत लघुदृष्टी जडणाऱ्या मुलांचं प्रमाण घटलं. तो अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हा महागडे निळा उजेड अडवणारे चष्मे घेण्यापेक्षा मुलांना दिवसाउजेडी बाहेर पाठवा. स्क्रीनसमोर दर २० मिनिटांनी २० फूट लांबचं काहीतरी २० सेकंद बघायची सवय लावा. फळा दिसत नाही, डोकं दुखतं, डोळे बारीक करून बघतो, असं असेल तर डोळे तपासून घ्या.

आईबाबांचे नियम वेगळे, आजी-आजोबांचे वेगळे. मग?

सगळीकडे सगळे नियम सारखे होणार नाहीत. दोनच गोष्टींवर एकमत करा: जेवताना फोन नाही आणि रात्री फोन खोलीबाहेर. बाकी आजोळी थोडी ढिलाई चालते. आजी-आजोबांना कामाला लावलं तर ते मनापासून साथ देतात. "संध्याकाळी त्याला अर्धा तास खाली खेळायला न्याल का?" हे "त्याला फोन देऊ नका" पेक्षा जास्त उपयोगी पडतं. आणि तुम्ही स्वतः जेवताना ऑफिसचे मेसेज बघत असाल, तर मुलाला सांगायचा अधिकार उरत नाही. खरंच तातडीचं असेल तेव्हा "दोन मिनिटांचं काम आहे, करून ठेवतो" असं मोठ्याने म्हणा आणि खरोखर ठेवा.

नियम आठवडाभर चालतात, मग नव्याचे नऊ दिवस. टिकवायचे कसे?

कमी नियम करा, लिहून लावा आणि आठवड्यातून एकदा दहा मिनिटं बसून बोला. कुठला नियम जमला नाही ते मुलाला आधी सांगू द्या. परीक्षा, आजारपण, पाहुणे, यांत नियम सुटणारच. सुटला म्हणून सगळा आराखडा मोडीत काढू नका, दुसऱ्या दिवसापासून पुन्हा धरा.

हे व्यसन आहे असं कधी समजायचं? डॉक्टरांकडे कधी जायचं?

"व्यसन" हा शब्द आपण फार सहज वापरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, आयसीडी-११ मध्ये, गेमिंग डिसऑर्डर आहे. तिथे तीन गोष्टी पाहतात: खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्या आवडी आणि कामं मागे पडणं, आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणं. हे सहसा वर्षभर चालू असावं लागतं आणि त्याने घर, शाळा, मैत्री यांचं ठळक नुकसान झालेलं असावं लागतं. सुट्टीत खूप खेळला, एवढ्यावरून कुणी आजारी ठरत नाही.

पण मदत घ्यायला वर्ष थांबायची गरज नाही. मूल शाळेत जायला नकार देत असेल, जेवण-झोप तुटली असेल, जुने मित्र सुटले असतील, फोन घेतल्यावर स्वतःला किंवा इतरांना इजा करत असेल, किंवा सतत उदास असेल, तर बालरोगतज्ज्ञ, शाळेतले समुपदेशक किंवा बालमानसोपचारतज्ज्ञ यांना भेटा. "जगायचं नाही" असं बोललं तर त्याच दिवशी. पुष्कळदा स्क्रीन हे मूळ नसतं. न कळणारा अभ्यास, वर्गातला त्रास, घरातला ताण यांपासून मूल तिकडे पळत असतं, आणि नुसता फोन काढून घेतला तर ती पळवाटही बंद होते आणि त्रास तसाच राहतो.

भेटीला जाताना आठवडाभराची नोंद सोबत न्या: कधी झोपलं, कधी उठलं, फोनवर काय बघितलं आणि किती वेळ, शाळेत काय झालं, भांडण कशावरून झालं. फोनच्या सेटिंगमधली वापराची आकडेवारी मुलाला सांगून मगच दाखवा, आणि डॉक्टरांशी काही वेळ त्याला एकट्याने बोलू द्या.